मासे भिजतील म्हणून

हात लावू नका त्याला. मासाच आहे तो, लाकूड नाही, आणि वास येतोय तोही त्याचाच, शेडात कुणी मेलेलं नाही. जो येतो तो आधी त्या लोखंडी अँगलकडं बघतो, मग नाकाला रुमाल लावतो, मग विचारतो, "काय रं शंभू, बेदाण्याच्या शेडात हे काय टांगलंयस?" आणि मी तोंड उघडायच्या आत आमचे आण्णा कुठून तरी उगवतात. "नार्वेचा मासा हाय. ह्या बेण्यानं तिथं एका म्हाताऱ्याची होडी भर बर्फात उघडी टाकली. म्या निस्तारलं, म्हणून त्यानं खूश हून दिला." झालं, दोन वाक्यांत निकाल. वर्ष झालं, ही गोष्ट तासगावच्या बाजारापासून पलूसच्या लग्नांपर्यंत फिरतीय, आणि दर फेरीला होडी मोठी होतीय. परवा एकानं मला विचारलं, जहाज बुडवलंस म्हणं?

बसा त्या क्रेटवर. खरं काय झालं ते सांगतो. ऐका नाहीतर नका ऐकू, आपण काय, कॉलेज सोडलेले.

तर हे शेड आईचं. कागदावर आण्णांचं, म्हणजे वडिलांचं आहे, पण आण्णा तीस वर्षं फौजेत आणि शेड आईच्या हातात. हरणाबाई म्हटलं की अजून तासगावात व्यापारी सरळ बसतात. आम्ही पोरं मार्च लागला की इथंच. शाळा सुटली की दप्तर त्या रॅकखाली, आणि आम्ही द्राक्षं बुडवायच्या टाकीपाशी. ते तेलकट पाणी, त्याचा वास आईच्या हाताला असायचा, भाकरीलाही लागायचा, आणि तुम्हाला सांगतो, त्या वासाची भाकरी मी परत कुठं खाल्ली नाही. गंधकाची धुरी दिली की डोळे असे झोंबायचे की आम्ही रडतोय का हसतोय ते कुणाला कळायचं नाही. दुपारी बायका बेदाणा निवडायला बसायच्या, तोंडं चालू, हात चालू, आणि आम्ही खाली पोत्यांवर आडवे, वर अकरा मजली जाळ्या, जाळीतून उन्हाचे बारके बारके चौकोन अंगावर पडलेले. मला अजून झोप लागायची असली की मी तेच चौकोन आठवतो.

आणि ढग आला की परात. एक पितळी परात त्या खिळ्याला टांगलेली असायची. तो खिळा अजून आहे बघा. आकाश जरा काळवंडलं की आई उलथन्यानं ती परात बडवायची आणि ओरडायची, "पडदं सोडा रं, माल भिजला!" भिजलेला नसायचा अजून, एक थेंब पडलेला नसायचा. पण ती म्हणायची तसंच. मग निवडणाऱ्या बायका, आम्ही पोरं, रस्त्यानं चाललेला कुणी, सगळी पळायची. चारी बाजूचे पडदे दोन मिनिटांत खाली. कारण बेदाणा भिजला की काळा पडतो, आणि काळा पडला की पंधरा दिवसांची मेहनत गुरांनी पण हुंगायची नाही.

चार वर्षं झाली आई गेली त्याला. मी सांगलीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. आई दवाखान्यात, माल रॅकवर, परीक्षा सोमवारी. तिन्ही राखता येत नव्हती. आई राहिली नाही, परीक्षा राहून गेली, माल तेवढा वाचला. मग मी परत गेलोच नाही. आता घरात ह्याला म्हणतात, पोरगं वाया गेलं.

पुढच्या हंगामात आण्णा रिटायर होऊन शेडाचे कमांडर झाले. सकाळी सहाला हजेरी, बायकांची सुद्धा. निम्म्या बायका दुसऱ्याच्या शेडावर गेल्या. आणि एका दुपारी ढग आला. मी म्हटलं, आण्णा, पडदं सोडूया. आण्णा खुर्चीवर, पायावर पाय. "गप बस. म्या ग्लेशियरवर ऱ्हायलेला माणूस हाय, मला ढग शिकवू नगंस. वारं बंद केलंस तर माल कुजंल." मी गप बसलो. आयुष्यात एकदा मोठ्या माणसाचं ऐकलं, आणि वीस मिनिटांत गारांसकट पाऊस असा कोसळला की अकराच्या अकरा मजले भिजले. सगळा माल गेला. आणि संध्याकाळी चावडीवर आण्णा काय सांगत होते? "पोरानं पडदं उघडं टाकलं." मी तिथंच उभा होतो हो, दोन हातांवर. एक माणूस माझ्याकडं वळून म्हणाला नाही की खरं का रं. म्हणेल कशाला? आण्णा सुभेदार, आपण कॉलेज सोडलेले.

त्यानंतर शेडाची चावी आण्णांच्या पट्ट्याला. मी मागितली की एकच उत्तर, "पडदं उघडं टाकणाऱ्याच्या हातात शेड दीऊ व्हय?" दोन वर्षं शेड रिकामं. मग गेल्या साली नाथाजी आला. नाथाजी म्हणजे आमच्या वाटेला प्लॉट पाडणारा माणूस. शेड मोडायचं, जमीन सपाट करायची, मंगल कार्यालय बांधायचं. लॉन, कारंजं, फोटोला झुला. आण्णा म्हणाले, "मे महिन्यात कागुद करू, पोरीकडनं जाऊन येतो आधी."

पोरगी म्हणजे माझी बहीण शिवांजली. मिरजेत नर्सिंग केलं आणि पार नॉर्वेत गेली, तिथंही नॉर्वेच्या टोकाला, ट्रोम्सो म्हणून गाव आहे, त्याच्यापुढं नकाशाच संपतो. तिनं तीन तिकिटं पाठवली. आण्णांचं, आमच्या आत्याचं, आणि माझं. माझं का? कारण ह्या दोघांना विमानातनं उतरून योग्य दारातनं बाहेर काढायला कुणीतरी लागतं. अडीच वर्षाचं कॉलेज तेवढ्यापुरतं कामाला येतं बघा.

आत्या म्हणजे मनुबाई, आण्णांची थोरली बहीण. अख्ख्या तासगावात आण्णांना "सयाजी, गप रं" म्हणणारं एकच माणूस. तिनं बॅगेत काय घेतलं होतं? भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि आईनं वाळवलेल्या शेवटच्या मालातला बेदाणा, पिशवीभर. मी म्हटलं, आत्या, तिथं बेदाणा मिळतो. ती म्हणाली, "हरणाचा मिळतो व्हय?"

तर शिवांजलीनं आमची एक दिवसाची सहल ठरवली. मिनीबस, गाईड, समुद्राच्या कडेकडेनं बर्फाचे डोंगर दाखवणार. आणि त्याच दिवशी तिला ड्युटी लागली. म्हणजे दुभाषी कोण? बरोबर.

गाईडचं नाव ओदवार. साडेसहा फूट, दाढी, बोलतो मात्र इतक्या हळू की आपल्याला वाटावं गाडीत बाळ झोपलंय. गाडी तोच चालवतो, माहिती तोच सांगतो. आमच्याशिवाय एक जर्मन जोडपं आणि एक स्पेनची बाई. आण्णा सरळ पुढं जाऊन ओदवारच्या शेजारी बसले. कुणी बसा म्हणालं नव्हतं. फौजेत ती जागा साहेबाची असते म्हणे.

आता तो रस्ता... कसा सांगू तुम्हाला? डोंगर असे की समुद्रातनंच उठलेत, मध्ये जमीन घालायला देव विसरलाय. वरनं खाली बर्फ आणि बर्फ संपतो तिथं पाणी, आणि पाणी कसलं, मोरचूद कालवल्यावर होतं तसलं निळं. कडेला लाल लाल घरं, एकेकटी, आणि माणूस औषधाला नाही. गाडी थांबली की इतकं शांत की आत्याच्या गुडघ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मी काचेला नाक लावून बसलो होतो आणि तुम्हाला खरं सांगतो, एवढं सगळं समोर असताना मला ते उन्हाचे चौकोन आठवत होते. एप्रिल महिना. घरी आता शेडं भरलेली असणार, टाक्यांवर गर्दी असणार, आणि आपलं तेवढं रिकामं. आणि आपण परत जाऊ तेव्हा तर ते असणारच नाही. जगाच्या टोकाला जाऊन माणूस काय आठवतो? अँगल आणि जाळी.

पुढं काय चाललं होतं? ओदवार म्हणतो, हा डोंगर हजार मीटर. मी मराठीत सांगतो. आण्णा म्हणतात, "त्यास्नी सांग, ग्लेशियरवर आमी ह्याच्या सहापट उंचीवर हुतो." मी सांगतो. ओदवार म्हणतो, हिवाळ्यात इथं दोन महिने सूर्य उगवत नाही. आण्णा म्हणतात, "त्यास्नी सांग, ग्लेशियरवर सूर्य उगवला तरी उपेग नव्हता." आता खरं सांगू का? आण्णा सगळी ड्युटी खाली राशन-स्टोअरला होते. डाळीची पोती मोजत. ग्लेशियर त्यांनी लांबनं बघितलंय, जसं आपण मंत्र्याला बघतो. पण मी तेही भाषांतर करत होतो, इमानदारीत.

आत्यानं तोवर डबा उघडला. त्या जर्मन माणसाच्या हातात चटणीचा घास. तो नको नको म्हणतोय, ही म्हणतीय, "खा रं गड्या, लाजतोस कशाला." त्यानं खाल्ला. मग पाणी प्याला. मग बायकोचं पाणी प्याला. मग परत हात पुढं केला.

असं चाललं होतं, आणि एका वळणावर आण्णा एकदम ताठ झाले. "पावणं, गाडी थांबवा." ओदवारला मराठी येत नाही, पण सुभेदाराचा आवाज कुठल्याही भाषेत कळतो. गाडी थांबली. समोर काय, तर कोळ्यांचं बारकं गाव, आणि गावाच्या पुढं समुद्राला लागून लाकडी दांड्यांची रॅक. तुम्हाला सांगतो, हुबेहूब शेड. ओळीनं खांब, त्यावर आडव्या दांड्या, मजल्यावर मजले, वर पक्षी बसू नयेत म्हणून जाळी. आत्या माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली. "शंभू... आरं, ही तर आपली शेडं." फक्त बेदाण्याच्या जागी मासे. शेपटीला शेपटी बांधून जोड्या लटकवलेल्या, माणसाच्या हाताएवढे लांब, हजारोंनी.

सगळे उतरले. वास काय विचारू नका, तोच हा. आत्या म्हणाली, "सुकटच की. पर केवढं मोठं." आण्णा रॅकमधनं चालले होते, मागं हात बांधून. दांडी हलवून बघतायत, गाठ दाबून बघतायत, अंतर पावलांनी मोजतायत. दोन वर्षांत मी त्यांना असं चालताना बघितलं नव्हतं. शेतात आई असायची तेव्हा सुट्टीवर आले की असे चालायचे, तिच्या मागं मागं, एकेक विचारत.

आणि ढग आला.

तिथं ढग लांबनं येत नाही. डोंगराच्या मागं दडून बसलेला असतो, एकदम अंगावर. वारं सुटलं, उजेड गेला, आणि पावसाबरोबर बर्फाचा चिखल तोंडावर सटासट. जर्मन, स्पेनची बाई, सगळे गाडीकडं वळले. आणि माझ्या मागनं आवाज आला.

"पडदं सोडा रं, माल भिजला!"

आत्या होती. पण आवाज... काय सांगू. तोच चढ, तोच "रं". माझे पाय माझ्या आधी पळाले. आण्णा माझ्या पुढं. बावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, बर्फात असा पळत होता की ग्लेशियरवर पळाला असेल असं मलाही एक क्षण वाटलं. पण पडदे कुठायत? त्या शेडाला पडदेच नाहीत. चारी बाजूंनी उघडं. आण्णांनी इकडं तिकडं बघितलं, शेजारी काठावर ओढून ठेवलेली एक होडी, तिच्यावर निळी ताडपत्री. झालं. दोऱ्या सुटल्या, ताडपत्री ओढली, "शंभ्या, त्ये टोक धर," आत्या तिसऱ्या कोपऱ्याला, आणि चौथा कोपरा वाऱ्यावर फडफडतोय म्हणून तो जर्मन पळत आला. त्याला काय कळलं होतं देव जाणे. चटणीला जागला.

मागनं ओदवार ओरडतोय, आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल बिचारा, "नो, नो, प्लीज, नो." मी म्हटलं, आत्या, तो नको म्हणतोय. आत्या म्हणाली, "म्हणणारच. आपल्याला तरास हुईल म्हणून म्हणतोय. परक्याचं काम घ्यायला लाजतंय लेकरू. तू वड."

आणि ओढलं आम्ही. एका अनोळखी माणसाचे मासे, त्याच्याच होडीची ताडपत्री काढून, झाकले.

मग घराचं दार उघडलं आणि म्हातारा बाहेर आला. लोकरीची टोपी, स्वेटर, हातात कप. घाई नाही, ओरडा नाही. येऊन उभा राहिला. मासे बघितले, ताडपत्री बघितली, होडी बघितली, मग आत्याची नऊवारी आणि खालचे बर्फातले बूट बघितले. ओदवारशी काहीतरी बोलला. ओदवारनं मला इंग्लिशमध्ये सांगितलं, मी आण्णांना मराठीत. तीन भाषांची साखळी. तो विचारतोय, माझी होडी उघडी करून मासे का झाकले? ह्या माशाला तीन महिने ऊन, वारं, पाऊस, बर्फ सगळं लागतं. उलट झाकला तर कुजतो.

हे मी आण्णांना सांगितलं. जरा आवडीनंच सांगितलं, खोटं कशाला बोलू. आण्णा ताडपत्रीचं टोक धरून तसेच उभे. मिशीत बर्फ. मग म्हणाले, "त्यास्नी सांग, आमचा माल भिजला की काळा पडतो."

मी सांगितलं. म्हाताऱ्यानं विचारलं, कधी भिजला होता का?

"भिजलाता. समदा." आण्णा माझ्याकडं न बघता म्हाताऱ्याकडं बघत बोलत होते. "दोन वर्सामागं. ढग आलता. पोरगं म्हणत हुतं, पडदं सोडूया. म्याच न्हाई म्हणलो."

ओदवार माझ्याकडं बघतोय भाषांतराची वाट बघत. मी म्हटलं, "काय म्हणला, आण्णा?"

"सांग की त्याला."

"वाऱ्यानं ऐकू आलं न्हाई."

"पोरगं म्हणत हुतं सोडूया, म्या न्हाई म्हणलो."

"पोरगं म्हंजी कुठलं?"

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्या कोपरा धरून तिकडनं म्हणाली, "सयाजी, नीट बोल. मलाबी ऐकू आलं न्हाई."

"शंभ्या," आण्णा म्हणाले. "शंभ्या म्हणत हुता. दोनदा म्हणला."

इंग्लिशमध्ये ते अगदी एवढंसं झालं. माझ्या मुलानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ओदवारनं त्यांच्या भाषेत सांगितलं तेव्हा तर आणखी लहान झालं. दोन वर्षं चावडीवर, बाजारात, लग्नात सांगितलेली गोष्ट, आणि खोडायला इतकुसंच लागलं. म्हाताऱ्यानं आण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काहीतरी बोलला. मी ओदवारला विचारलं, काय म्हणाला?

"म्हणतोय, होडीत बर्फ भरतोय."

मग आम्ही होडी झाकली. आण्णांनी एक बाजू धरली, मी गाठी मारल्या, आई मारायची तशा, एक फिरवून दोनदा ओढून. आण्णा माझी प्रत्येक गाठ परत सोडून बांधतात, ही घरची रीत. त्या दिवशी एकही गाठ त्यांनी तपासली नाही.

आत्यानं कनवटीच्या पिशवीतनं मूठभर बेदाणा काढून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला. त्यानं एक खाल्ला, थांबला, मग एकेक करून सगळे खाल्ले, तिथंच, बर्फात उभा राहून. आईच्या हातचा शेवटचा माल, जगाच्या टोकाला एक कोळी चघळतोय. मी तोंड फिरवलं. मग त्यानं रॅकवरनं एक वाळलेला मासा सोडला आणि दिला. कुणाला? माझ्या हातात दिला. हे आण्णा सांगत नाहीत.

परतीला आण्णा पुढं बसले नाहीत. मागं येऊन माझ्या शेजारी बसले. बाहेर पाऊस थांबून असं ऊन पडलं होतं की सगळे डोंगर केशरी, ओदवार पुढनं हळू आवाजात काय काय सांगत होता, आणि मी पहिल्यांदाच भाषांतर करत नव्हतो. कुणी विचारतही नव्हतं. मग आण्णा म्हणाले, "तुझी आई असती तर म्हाताऱ्याला पडदं शिवायला लावलं असतं." मी हसलो. तेही हसले. तेवढंच. माफी वगैरे आमच्याकडं नसते, ती फक्त परदेशी माणसाला भाषांतरातनं मागतात.

घरी आल्यावर नाथाजी कागद घेऊन आला. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "लग्नं कुटंबी लागत्यात गड्या, कारंजं दुसरीकडं लाव." मला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर परात परत ह्या खिळ्याला, आणि परातीच्या कडीला चावी बांधलेली. गाठ तपासली मी. ढिली होती.

म्हणून हा मासा इथं आहे, आणि म्हणून रॅक भरलेत. पण गावात गोष्ट कुठली चालते? होडी उघडी टाकल्याची. आणि मी आता खोडतही नाही. एकदा खरं बोललाय माणूस, ते पण मासळीच्या वासात, तीन भाषांत. दर आठवड्याला कसा बोलेल?

थांबा जरा. तो बघा ढग, औंधाच्या अंगानं. मघापासनं बघतोय मी... आणि ते बघा आण्णा आलेच. "काय बघतोस वर? न्हाई पडत. म्या ग्लेशियरवर ऱ्हायलेला माणूस हाय." ऐकलंत ना? आता तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा त्यांच्या. पडद्याची दोरी सोडतायत की नाही? तोंडानं न्हाई पडत, आणि हातानं पडदा खाली. आज पडला तर म्हणतील मी सांगितलेलं, नाही पडला तर म्हणतील मी सांगितलेलं.

चला, उठा क्रेटवरनं. ती पलीकडची दोरी धरा. शिकलेली माणसं तुम्ही, तुम्हाला काय सांगायचं... पण ढग आला की आमच्याकडं पाव्हण्यालाही पळावं लागतं.